छप्पर ऊर्जा वाचवत नाही

माणूस जाळायला किती लाकूड लागतं, हे मला नोकरीने शिकवलं. सरकारी नोकरीत तुम्ही नेमकं काय करत होता, असं पाहुण्यांपैकी कुणी विचारलं तर मी हे सांगत नाही. सौरदिवे, गोबरगॅस, बचतीचे पंप असलं काहीतरी सांगतो आणि चहाचा कप पुढे करतो. ते खोटंही नाही. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी नाशिकला, द्वारका चौकाजवळच्या एका कचेरीत, ऊर्जा बचतीच्या सरकारी अनुदानाचं काम केलं. खाली ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं आणि वर आम्ही. दिवसभर ट्रकचा धूर खात आम्ही जिल्ह्याचं इंधन वाचवत होतो.

काम समजायला सोपं आहे. एखादी ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा वसतिगृह इंधन वाचेल असं काही करायला तयार झालं, की खर्चाचा काही भाग सरकार देई. अर्ज आला की मी जाऊन जागा बघायची. पहिला हप्ता गेला, काम उभं राहिलं, की पुन्हा जाऊन खरोखर बचत होते का ते मोजायचं, आणि मगच दुसरा हप्ता सोडायचा. मोजल्याशिवाय काही नाही, हा आमच्या खात्याचा धर्म होता. मी तो मनापासून पाळला, कारण न मोजता दिलेलं अनुदान कुठे जातं हेही मला माहीत होतं.

मोजायला गेलं की माणसं कळतात. मनमाडकडच्या एका वसतिगृहाला आम्ही पेटीसारखी सौरचूल दिली होती. वर्षाने बघायला गेलो तर अधीक्षकांनी तिच्यात लोणच्याच्या बरण्या मांडलेल्या. "साहेब, काय सुरेख मुरतंय म्हणून सांगू!" असं म्हणत त्यांनी मला वाटीभर चाखायलाही दिलं. मी परतताना जीपमध्ये बराच वेळ विचार केला आणि शेऱ्यात लिहिलं, वापर चालू आहे. तक्रार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. ऊन वाया जात नव्हतं एवढं खरं.

पण माझ्या नावाला जी योजना चिकटली ती सुधारित दाहिनीची. गावच्या स्मशानभूमीत लाकूड कमी लागावं म्हणून तिला अनुदान होतं. उघड्यावर रचलेल्या चितेची बरीचशी आच आजूबाजूला निघून जाते, आणि खालून वारा मिळत नाही म्हणून लाकूड नुसतं धुमसतं. चुलीला तीन बाजूंनी आडोसा का असतो, हे रांधणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. इथेही तेच. दोन बाजूंना आगीला टिकणाऱ्या विटांच्या बुटक्या भिंती, मध्ये जमिनीपासून उचललेली लोखंडी जाळी, जाळीवर लाकडं आणि त्यांवर मयत. खालून हवा, बाजूने आच. नीट रचलं तर निम्म्याच्या आसपास लाकडात काम होतं. जंगल वाचतं, गरिबाचा खर्च वाचतो. कागदावर तिला नाव ठेवायला जागा नव्हती.

अडचण एकच होती. पहिला कोण? आपल्या आईबापावर प्रयोग करून घ्यायला कुणी तयार नसे. निफाडकडच्या एका गावात दाहिनी बांधून झाली, वर पत्र्याची शेड झाली (तेव्हा शेड पहिल्याच हप्त्यात मिळे, पुढे तो नियम बदलला), पुढारी येऊन नारळ फोडून गेले, तेही चौथऱ्यावर पाय न ठेवता. मग वर्षभर गावाने जुन्याच जागी शेजारी चिता रचल्या आणि शेडमध्ये कांदा साठवला. हवा खेळती असल्यामुळे कांदा उत्तम टिकला. सरपंच मला म्हणाले, "साहेब, अशीच अजून एक शेड मंजूर करा की!" तो कांदा कुठे विकला, हे मी विचारलं नाही आणि त्या हंगामात आमच्या घरी कांदा विकत आणायचं काम मी मुलाकडे दिलं.

चाचणी म्हणजे प्रत्यक्ष अंत्यसंस्काराला हजर राहून लाकूड मोजणं. वखारीतला मोठा काटा तीन बांबूंच्या तिकाटण्यावर टांगायचा आणि येईल ते लाकूड वजन करून पुढे द्यायचं. लोक रडतायत आणि मी वजनं लिहितोय. कचेरीतला शिपाई पाठीमागे मला मसणसाहेब म्हणायचा. बायको मला मागच्या दाराने आत घेई, अंगावर पाणी घेतल्याशिवाय कशाला हात लावू देत नसे, आणि जेवताना आज कुठे गेला होता हे कधी विचारत नसे.

तर अशा त्या दिवसांत, नव्वदचं दशक संपत आलेलं असताना, हौसाबाई आमच्या कचेरीत आल्या. इगतपुरीच्या पुढे, घाटाच्या अंगाला असलेल्या एका छोट्या गावच्या सरपंच. गावाचं नाव लिहीत नाही. राखीव जागेवर नुकत्याच निवडून आल्या होत्या. चाळिशीच्या, किडकिडीत, पायांत प्लास्टिकच्या चपला. मागे ग्रामसेवक होता, पण बोलत त्याच होत्या.

"सायेब, तुमी मसनवटा बांधून देता म्हनं."

"मसणवटा नाही बाई, दाहिनी. तिला लाकूड कमी लागतं."

"लाकूड आमच्याकडं लय हाय. छप्पर देता का?"

मी त्यांना योजना समजावून सांगितली. पहिल्या हप्त्यात भिंती आणि लोखंडी जाळी. मग चाचणी. बचत सिद्ध झाली की दुसऱ्या हप्त्यात खांब आणि पत्र्याची शेड. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजे छप्पर शेवटी." मी हो म्हणालो. "आनि पाऊस कदी?" त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर योजनेत नव्हतं.

त्यांना छप्पर का हवं होतं, ते मी जागा बघायला गेलो तेव्हा कळलं. ओढ्याकाठी उघडा कातळ, तीच स्मशानभूमी. हौसाबाई एका जागी थांबल्या आणि पायाने दाखवत म्हणाल्या, "हितं." त्यांचा नवरा किसन रेल्वेत गँगमन होता. ऐन आषाढात तापाने गेला. त्या भागात पाऊस पडतो असं म्हणणं चूक आहे, तो तिथे राहायलाच येतो. चिता पेटली आणि विझली. पुन्हा रॉकेल, पुन्हा विझली. शेवटी हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडून जुनी टायरं आणून टाकली. काळा धूर झाला, वास झाला, पण काम पुरं झालं नाही. अंधार पडला, पाणी वाढलं, माणसं घरी गेली. सकाळी हौसाबाई आणि दीर परत आले तेव्हा कुत्री तिथून निघत होती. एवढं सांगून त्या थांबल्या. 

किसनची आई, ठकूआजी, हौसाबाईंच्याच घरात होती. पाठीतून वाकलेली, कानाने तल्लख, जिभेने तिखट. त्या सकाळी ओढ्यावर काय दिसलं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला ते माहीत होतं. तेव्हापासून तिने एकच गोष्ट धरली होती, की पावसात मरायचं नाही. ज्येष्ठ लागला की आजी उंबऱ्याबाहेर पडत नसे. शिंक आली तरी काढा, पाय दुखला तरी शेक. गावची नर्स म्हणायची की आजी पावसाळ्यात जेवढ्या गोळ्या खाते तेवढ्या वर्षभर सगळं गाव खात नाही. दिवाळी झाली की मात्र ती निवांत होई, थंड पाण्याने अंघोळ करी, शिळं खाई, कुणाशीही भांडे. "आता मेले तरी चालंल," असं मला पहिल्याच भेटीत हसत म्हणाली. तेव्हा मार्गशीर्ष होता.

मी हसलो नाही. माझ्या आयुष्यात इतकी साधी मागणी करणारा अर्जदार मला दुसरा भेटला नव्हता. म्हातारीला कोरडं जळायचं होतं.

कचेरीत येऊन मी वरिष्ठांना टिपण दिलं. या गावाला शेड आधी द्यावी, दाहिनी नंतर. साहेब वाईट माणूस नव्हते. कागद वाचून म्हणाले, "अहो, आपण ऊर्जा वाचवण्यासाठी पैसे देतो. छप्पर ऊर्जा वाचवत नाही." मी म्हणालो, "वाचवतं, साहेब. लाकूड भिजलं की निम्मी आच पाणी उडवण्यात जाते. वरून पाऊस पडत असेल तर विचारूच नका." त्यांनी टिपण पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. पावसात चाचणी घेऊन दाखवा, मी पाठवतो वर." जिल्हा परिषदेकडे स्मशानशेडची निराळी योजना होती, पण एका जागेवर दोन खात्यांची अनुदानं चालत नसत आणि आमचा अर्ज तोवर पुढे गेलेला होता. गावाने स्वतःच्या हिमतीवर एकदा गवताचं छप्पर उभारून बघितलं होतं. घाटावरच्या वाऱ्याने ते पहिल्याच आठवड्यात शेजारच्या गावाला दिलं.

फाल्गुनात भिंती झाल्या. जाळी आम्ही सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतली. टेम्पोवाल्याला आम्ही गोठ्याचं सामान आहे असं सांगितलं होतं. घोटीला चहाच्या टपरीवर कुणीतरी त्याला खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्याने लिंबू-मिरच्या विकत घेऊन टेम्पोला पुढे-मागे दोन्हीकडे बांधल्या आणि मग उरलेला सगळा रस्ता माझ्याशी बोलला नाही. वर्कशॉपवाले जाळीला क्रेडल म्हणत, म्हणून मजुरांनी तिचा पाळणा केला. हौसाबाईंनी ते ऐकलं आणि चांगलंच झापलं. "गावात दोन बायांस्नी दिवस गेलेत. त्याला पाळना म्हनायचं नाय." मग सगळे तिला घोडी म्हणायला लागले.

आता चाचणीला माणूस लागणार होता. हे लिहितानाही कसंतरी होतं, पण आम्ही सगळे त्याचीच वाट बघत होतो. चैत्रात भिवाबाबा म्हणून एक म्हातारे गेले, पिकल्या वयाचे, झोपेत. त्यांच्या मुलांनी सरपंचांचा शब्द राखला आणि घोडीवर न्यायला होकार दिला. निरोप आला तसा मी काटा घेऊन निघालो.

त्या गावची एक रीत होती आणि तिची मला कल्पना नव्हती. लाकूड मयताच्या घरचे आणत नाहीत. प्रत्येक घरातून एक माणूस येतो आणि एक लाकूड घेऊन येतो. ते स्वतःच्या हाताने चितेवर ठेवायचं. ज्याचं लाकूड चितेवर, तो आपला. ज्याचं लाकूड परत पाठवलं, त्याच्याशी त्या घराचा रोटीव्यवहार तुटला. म्हणजे चितेला किती लाकूड लागतं याचं उत्तर त्या गावात फार सोपं होतं. गावात जेवढी घरं, तेवढं.

मी काट्याशी उभा राहून हिशेब करत होतो. ठरलेलं वजन भरलं तेव्हा निम्मी माणसं अजून रांगेत होती. मी ग्रामसेवकाला म्हणालो, बास, आता बाकीचं बाजूला ठेवा. कुणी हललं नाही. हौसाबाईंनी पुढे येऊन सगळ्यांना सांगितलं, की बाबांनो, छपरासाठी एवढं करा, आज उरलेली लाकडं इथे बाजूला रचा. माना हलल्या. पण आपलं लाकूड बाजूला ठेवायला पहिला कुणी तयार होईना.

रांगेत सगळ्यात शेवटी तुकाराम म्हणून एक गृहस्थ उभा होता. भिवाबाबांचा चुलतभाऊ. बांधावरून वाद झाला होता आणि दोन्ही घरं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. हा येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्याच्या खांद्यावर सागाचा मोठा बुंधा होता आणि तो खाली बघत उभा होता. भिवाबाबांच्या मोठ्या मुलाने त्याला पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, आणि पुढे जाऊन म्हणाला, "तात्या, ठेवा."

तुकारामाचं ठेवलं म्हटल्यावर इतरांचं कोण थांबवणार? सगळ्यांची लाकडं चढली. घोडीवर एवढा ढीग झाला की भिंतींच्या वर गेला. आच अशी कोंडली की जाळीचे गज मेणासारखे वाकले. जुन्या पद्धतीत लागलं असतं तेवढंच लाकूड गेलं. बचत शून्य. मी तेच लिहिलं, कारण दुसरं काही लिहिणं शक्य नव्हतं; वजनं घेताना तालुक्याचा माणूस शेजारी उभा होता. हौसाबाई परत जाताना मला म्हणाल्या, "सायेब, तुमचं बरुबर हाय. पन माज्यानं त्या तुकातात्याला माघारी नसतं धाडवलं." मी म्हणालो, "माझ्यानंही नसतं."

एक संधी उरली होती. पहिली चाचणी फसली तर दुसरी घेता येत असे, पण फक्त दुसरी. मी गज सरळ करून घेतले. ते बसवायला वैशाखात गेलो तेव्हा गावात एक वेगळीच गोष्ट चालू होती. ठकूआजी काठी टेकत घरोघर हिंडत होती. त्या उन्हात, वाकलेल्या पाठीने, एकेका दाराशी थांबत. मी हौसाबाईंना विचारलं तर त्या नुसत्या पुढे चालायला लागल्या. आम्ही एका घरापाशी पोचलो तेव्हा आजी दारातल्या बाईशी बोलत होती.

"मी मेले का माज्यासाठी लाकूड आनायचं नाय. तुज्या माळ्यावरच ऱ्हाऊ दे. माजा राग नाय."

ती बाई रडायला लागली. "आजी, असं कसं? लोकं काय म्हनतील?"

"लोकांस्नी मी सांगून आले. तू शबूद दे."

त्या बाईने रडत रडत शब्द दिला आणि आजी पुढच्या घराकडे वळली. सगळं गाव तिने असं पालथं घातलं. तुकारामच्या दारात तर ती चांगली बसून राहिली, कारण तो शब्द द्यायला तयार नव्हता. शेवटी त्याला म्हणाली, "तू न्हाई आनलंस तरी तू माजाच हायेस," तेव्हा कुठे त्याने मान हलवली. मला बघून म्हणाली, "मोज तुजं काय मोजायचं ते. माज्यावरच मोज. आनि छप्पर लवकर आन."

मी काहीतरी म्हणालो, तुम्हाला अजून खूप आयुष्य आहे वगैरे. "गप रं," ती म्हणाली. "जेठाच्या आत गेले तर झ्याकच. न्हाई गेले तर दिवाळीपतुर दम काढीन. तेवढा हाय माज्यात."

माझ्याकडून होण्यासारखं होतं ते मी केलं. नीट वाळलेलं लाकूड निवडलं, वजन करून ठरलेलं तेवढं बाजूला काढलं आणि ग्रामपंचायतीच्या ओसरीत प्लास्टिकखाली रचून ठेवलं. आजी रोज संध्याकाळी त्या ढिगापाशी येऊन बसायची असं ग्रामसेवक सांगत होता. मी ते वजन कोरड्या दिवसाच्या हिशेबाने धरलं होतं, कारण योजनेत दुसरा हिशेब नव्हता. आजी दिवाळीपर्यंत दम काढेल यावर माझा, का कुणास ठाऊक, पुरता विश्वास होता.

ती आषाढात गेली. नेहमीसारखी उंबऱ्याच्या आत बसून होती, काढे घेत होती, काही म्हणता काही झालेलं नव्हतं. दुपारी भिंतीला टेकली ती टेकलीच. ग्रामसेवकाने घोटीच्या बूथवरून फोन केला आणि मी जीप काढायला लावली. पुढे रस्ता दिसत नव्हता असा पाऊस. त्या सगळ्या रस्त्यात मी फक्त एवढंच म्हणत होतो, की थोडं उघडू दे. मी देवधर्मातला माणूस नाही, पण त्या दिवशी म्हणत होतो.

उघडलं नाही. आम्ही थांबलोही नाही, कारण त्या भागात थांबायचं म्हणजे किती थांबायचं याला अंत नसतो. सगळं गाव ओढ्यावर आलं. बायासुद्धा, त्यांच्यात बाया येतात. पण सगळे रिकाम्या हातांनी आले होते. आयुष्यभर मसणात लाकूड घेऊन आलेली माणसं, त्यांना आज हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. कुणी काखेत घातले होते, कुणी डोक्यावर धरले होते. माझं मोजलेलं लाकूड घोडीवर रचलं गेलं. हौसाबाईंच्या शेळ्यांच्या गोठ्याचे पत्रे काढून आणले होते, ते सहा-सात जण वर धरून उभे राहिले.

पेटलं. थोडा वेळ चांगलं पेटलंही. मग वारा फिरला आणि पाऊस आडवा यायला लागला. विटांच्या भिंती भिजून काळ्या पडल्या. जाळीखालून हवेऐवजी पाणी वाहायला लागलं. ज्वाळा बसत गेल्या आणि पांढरा धूर निघायला लागला. तो धूर कसला असतो ते मला माहीत आहे. आच पाणी उडवण्यात चालली होती. मी साहेबांना जे तोंडी सांगितलं होतं, ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि शेजारी काटा लटकत होता.

हौसाबाई माझ्याकडे बघत होत्या.  त्यांच्या चेहऱ्यावर मला किसनची ती सकाळ स्पष्ट दिसत होती. ठरलेलं लाकूड तेवढंच राहिलं असतं तर, कसंबसं का होईना, कागदावर चाचणी उतरली असती. बचत भरपूर दिसली असती. मागच्या हिवाळ्यापासून ज्याच्यासाठी चाललं होतं ते छप्पर त्या एका आकड्यावर गावाला मिळालं असतं, आणि हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

त्या वळल्या आणि पाऊस चिरत जाईल अशा आवाजात लोकांना म्हणाल्या, "आजीनं तुमच्याकडून शबूद घेतला व्हता. मी तिची सून हाय. मी तो शबूद सोडवते. जा. लाकडं आना."

 पहिला तुकाराम पळत सुटला. त्या वयाचा माणूस चिखलातून तसा पळताना मी कधी पाहिला नाही. त्याच्या मागे सगळे. घराघरात चुलीच्या वरती माळा असतो, पावसाळ्याचं सरपण तिथे धुरात वाळत ठेवलेलं असतं. काजळीने काळं झालेलं, हाडासारखं कोरडं. ते घेऊन माणसं परत आली, घोंगडीत गुंडाळून, पोटाशी धरून, बायांनी पदराखाली झाकून. पहिल्या माणसाने सवयीने आपलं लाकूड काट्याकडे आणलं. मी काटा खाली उतरवला आणि म्हणालो, "नको. ठेव वर."

चिता भडकली तेव्हा पत्रे धरणाऱ्यांना मागे सरावं लागलं. पाऊस पडत होता आणि त्याला न जुमानता ती जळत होती. गज वाकल्याचा आवाज आला. प्रत्येक जण आपलं लाकूड ठेवून बाजूला होत होता आणि मी भिजत उभा होतो. मलाही काहीतरी ठेवावंसं फार वाटलं. पण माझं त्या गावात घर नव्हतं आणि माझ्याकडे ठेवायला काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला घरचे गेले तेव्हा मी पंचनाम्यासाठी तिथे होतो. हौसाबाई ओढ्याकडून वर आल्या. ओलेत्या, हात राखेचे. माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "पुरी जळाली, सायेब. काय नाय राह्यलं." एखाद्या घरी पोर पास झालं की आई सांगते तशा सुरात त्या हे म्हणाल्या आणि मग तिथेच कातळावर बसून खूप रडल्या. किसनच्या वेळी त्या रडल्या नव्हत्या असं त्यांच्या दिराने मला नंतर सांगितलं.

अहवालात मी पाऊस लिहिला, भिजलेल्या विटा लिहिल्या, छप्पर नसताना ही चाचणी धरू नये असं लिहिलं. वरून उत्तर आलं की दोन्ही चाचण्यांत बचत आढळली नाही, प्रस्ताव अपात्र. साहेबांनी तो कागद माझ्या हातात देताना मान वर केली नाही. नंतर मी दोनदा नव्याने टिपण केलं. मी निवृत्त झालो तोवर त्या गावाला छप्पर मिळालेलं नव्हतं. आमची योजनाही पुढे हळूहळू आटत गेली.

अपात्र झाल्याचं पत्र मी टपालाने पाठवलं नाही, स्वतः घेऊन गेलो. श्रावण होता. हौसाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. मी वाचून दाखवलं. त्यांनी "बरं" म्हटलं आणि चहा टाकला. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. चहा उकळेपर्यंत दोघंही धुरात बसलो. वर माळ्यावर सरपण होतं, आणि त्याच्यापासून जरा अलग, एका कोपऱ्यात, जाड दोरीने बांधलेलं एक मोठं लाकूड ठेवलेलं होतं. मी तिकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"गावानं ठरवलंय," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात हरेक घरानं माळ्यावर येक लाकूड जादा ठेवायचं. चुलीत घालायचं नाय."

"कुणासाठी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "ते आमी कुनी इचारत नाय, सायेब. तुमी बी इचारू नका."